वाचकांचे प्रश्न : हबसकट डिस्क की सुटी डिस्क?

सोलापूर जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांत एक दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं, ते म्हणजे पिकअपच्या पुढच्या ब्रेक डिस्कचा खर्च. मार्केट यार्डात कांदा आणणाऱ्या, सांगोल्याचं डाळिंब नेणाऱ्या, चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहणाऱ्या या गाड्या आहेत. एक दिवस उभी राहिली तरी मालकाला झळ बसते. म्हणून पहिल्या पत्राला आम्ही जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (मोहोळ) : माझ्या मालवाहू पिकअपला ड्राइव्ह फक्त मागच्या चाकांना आहे, पुढे डिस्क ब्रेक आहेत. पुढची डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकाच ओतकामात आहेत. त्यामुळे डिस्क झिजली की हब, बेअरिंगचे कप, सील सगळंच नवं घ्यावं लागतं. दुकानदाराने सांगितलेली किंमत सुट्या डिस्कच्या जवळपास तिप्पट आहे. ओळखीचे टर्नर म्हणतात, जुनं हब लेथवर घेऊन डिस्कचा भाग कापून टाकू, समोरून सुटी डिस्क बसवू आणि स्टड (चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट) लांब टाकू. पुढच्या वेळी चाक काढलं की डिस्क हातात येईल. हे करून घ्यावं का?

उत्तर : सुट्या डिस्कवर जायचा तुमचा विचार योग्य आहे. जुनं हब कापून तिथे जाऊ नका. कारण समजून घ्या, म्हणजे टर्नरला नाही म्हणताना अवघड वाटणार नाही.

पुढच्या डिस्कची बसवणी तीन प्रकारची असते. पहिला प्रकार तुमचा: हब आणि डिस्क एकसंध, आत दोन टेपर रोलर बेअरिंग, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. दुसऱ्या प्रकारात डिस्क वेगळी असते, पण हबच्या आतल्या अंगाने बोल्टने आवळलेली. हब काढल्याशिवाय ती निघत नाही, पण बेअरिंग आणि हब वाचतात. तिसऱ्यात टोपीसारखी डिस्क हबच्या स्टडवर समोरून सरकवतात आणि चाकाचे नट तिला दाबून धरतात. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बाजूला केला की ती निघते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या हबमधून ड्राइव्ह शाफ्ट जातो, म्हणून हब स्वतंत्र ठेवावं लागतं आणि डिस्क बहुतेक सुटीच असते. टू-व्हील-ड्राइव्हला पुढे चाक फिरण्यापुरता आखूड दांडा, म्हणजे नुसता स्टब अ‍ॅक्सल असतो. तिथे एका ओतकामात काम भागतं आणि कारखान्याचा एक भाग वाचतो. अमेरिकेतल्या जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्येही ही एकसंध रचना सर्रास होती.

आता धातूचं बघू. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते. हा धातू उष्णता चांगली पसरवतो आणि थरथर शोषून घेतो, पण वाकत नाही, तुटतो. आयएस 210 या भारतीय मानकातल्या एफजी 260 प्रतीचं ताणबळ 260 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असतं आणि तुटण्याआधी तो एक टक्काही ताणला जात नाही. सुटं हब ज्या एसजी आयर्नचं (कमी ठिसूळ ओतीव लोखंडाचं) करतात, त्याची आयएस 1865 मधली 450/10 ही प्रत घ्या: ताणबळ 450 आणि तुटण्याआधी 10 टक्के ताण. खड्ड्यात चाक आपटलं तर असं हब आधी थोडं वाकेल, स्टेअरिंग थरथरेल, तुम्हाला कळेल. ग्रे आयर्न काहीच न कळवता फुटतं.

एकसंध भागात हबसुद्धा ग्रे आयर्नचंच आलं. म्हणून ते जाड ओततात आणि डिस्कची टोपी (मधला उंच भाग) चाकाच्या फ्लँजला, म्हणजे चाक टेकतं त्या चकतीला, कडेने आधार देते. टर्नर टोपी कापतो तेव्हा तो आधार जातो. सुटी डिस्क नीट टेकावी म्हणून तो फ्लँजचं तोंडही दोन-तीन मिलिमीटर घेतो. वर टूलने काटकोनी कोपरा पडतो, आणि तडा अशाच कोपऱ्यातून सुरू होतो. वळणावर भरलेल्या गाडीचा निम्म्याहून जास्त पुढचा भार एका चाकावर येतो आणि तो सगळा वाकवणारा भार या पातळ झालेल्या फ्लँजवर पडतो. चाक हबसकट सुटलं तर ब्रेकही त्याच्याबरोबर जातो. टर्नरचा हात कितीही सफाईदार असो, धातू बदलत नाही.

मग योग्य वाट कोणती? त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं किंवा नंतरच्या वर्षाचं असं हब शोधा, जे तुमच्याच स्टब अ‍ॅक्सलवर बसतं आणि ज्याला सुटी डिस्क लागते. हब, डिस्क आणि स्टड हा संच कंपनीने एकत्र मापलेला असतो. फोर-बाय-फोर मॉडेलचं हब दिसायला सारखं असलं तरी आतून पोकळ असतं, त्याचं बेअरिंग वेगळं असतं. तुमच्या स्टबवर ते बसणार नाही, बळेच बसवूही नका. जुन्या बाजारातून हब घ्यायचं असेल तर तोंड लख्ख घासून, फ्लँज आणि स्टडच्या भोकांभोवती तडा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात जाताना व्हर्नियर आणि जुनं बेअरिंग बरोबर न्या. पहिली खूण बेअरिंगचा नंबर. मेट्रिक टेपर बेअरिंगचे शेवटचे दोन अंक पाचने गुणले की आतलं भोक मिळतं: 30205 म्हणजे 25 मिलिमीटर, 30206 म्हणजे 30. ‘एलएम’ने सुरू होणारे नंबर इंच मापाचे असतात, त्यांना हा हिशोब लागू नाही, एलएम 11949 चं भोक 19.05 मिलिमीटर असतं. दोन्ही बेअरिंगचे नंबर जुळले तरी दोन कपांमधलं अंतर मोजा. नंबर तेच, पण हब पाच मिलिमीटर लांब असेल तर कॅसल नट (हब धरून ठेवणारा खाचांचा नट) स्टबच्या आट्यांवर नीट येणार नाही आणि स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचांच्या बाहेर जाईल. सील स्टबवर ज्या जागी घासतं ती जागाही तीच हवी.

दुसरं माप चाकाच्या जागेचं. सुट्या डिस्कची टोपी हब आणि चाक यांच्या मध्ये येते. टोपी 7 मिलिमीटर जाड असेल आणि हबचा फ्लँज तेवढाच आत नसेल, तर प्रत्येक चाक 7 मिलिमीटर बाहेर जाईल आणि पुढचा ट्रॅक (दोन चाकांमधलं अंतर) 14 ने वाढेल. मग बाहेरच्या बेअरिंगवर भार वाढतो, स्टेअरिंग खड्ड्यात हाताला झटका देतं आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला लागू शकतं. जोडीचं हब असेल तर कंपनीने फ्लँज आधीच आत घेतलेला असतो. नुसत्या अंदाजावर राहू नका, स्टबच्या खांद्यापासून फ्लँजच्या तोंडापर्यंत जुनं आणि नवं अंतर मोजून कागदावर लिहा.

तिसरं, डिस्कची मधली रेषा कॅलिपर ब्रॅकेटच्या मधल्या रेषेवर यायला हवी. एक-दोन मिलिमीटर फरक तरंगता कॅलिपर सांभाळतो, पण पॅड नवे असताना एका बाजूला जागाच उरत नाही. ब्रॅकेटखाली वॉशर घालून हा फरक भरू नका. डिस्कचा व्यासही तोच हवा. मोठी डिस्क कॅलिपरच्या पुलाला घासते. लहान डिस्कवर पॅडची कड बाहेर लोंबते, ती न झिजता तशीच राहते आणि पॅड झिजले की समोरासमोरच्या कडा एकमेकींना अडतात. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हबवरच्या दातेरी रिंगच्या दातांची संख्या तीच असायला हवी.

चौथी गोष्ट स्टड. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. टोपी जितकी जाड, तितका स्टड लांब हवा. नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका बसला पाहिजे. 12 मिलिमीटर स्टड आणि 1.5 पिच असेल तर नट हाताने फिरवताना 8 पूर्ण फेरे मोजा. सात झाले की कमीच. स्टड दाबयंत्रावर बसवा. हातोड्याने ठोकला तर दातेरी भाग हबचं भोक ओरबाडतो आणि स्टड तिरका बसतो. चाक बसवून नटाने स्टड ओढून घेण्याची सवयही वाईट, त्यात आटे ताणले जातात.

आता बसवणी. पुढची गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर घ्या, मागच्या चाकांना ओट लावा. कॅलिपर काढून तारेने टांगा, नळीवर लोंबू देऊ नका. डस्ट कॅप, स्प्लिट पिन, कॅसल नट, वॉशर काढून हब ओढून घ्या. स्टब डिझेलने पुसून, मग कोरडा करून नीट बघा. बेअरिंगच्या जागी निळसर पट्टा दिसला, किंवा नखाला खाच लागली, तर नवं हब घालून काही साधणार नाही, आधी स्टब बदला.

नवे कप हबमध्ये पितळी ड्रिफ्टने चहूबाजूंनी ठोकत बसवा. तळाला टेकला की आवाज भरीव येतो, तो कानाने ऐका. बेअरिंगमध्ये डिस्क ब्रेकच्या हबसाठीचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद टोकाकडून असं दाबा की ते दुसऱ्या टोकाने बाहेर आलं पाहिजे. हबची पोकळी पूर्ण भरू नका. जास्त ग्रीस तापून सील ढकलतं आणि डिस्कवर येतं. जुनं ग्रीस दुधाळ दिसलं असेल तर सीलमधून पाणी आत जात होतं, हे ध्यानात ठेवून नवं सील बसवा.

हब फिरवत फिरवत कॅसल नट साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटरने आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. मग नट पूर्ण ढिला करा आणि हाताने आवळा. खाच जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत ढिला करा, आवळू नका. डायल गेजवर हबचा आत-बाहेर प्ले 0.03 ते 0.13 मिलिमीटर हवा. प्ले अजिबात नसेल तर बेअरिंग तापून जळेल, जास्त असेल तर डिस्क डोलेल. स्प्लिट पिन नवीच वापरा.

मग हबचं तोंड. सुट्या डिस्कच्या गाडीत हे तोंड आणि डिस्कची बैठक यांच्यामध्ये काहीही नसावं. सोलापूरच्या काळ्या मातीचा वाळलेला थर सिमेंटसारखा घट्ट असतो, खाली गंज असतो. वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने ते चकचकीत करा. गंजाचा 0.05 मिलिमीटरचा कण काय करतो ते बघा: फ्लँजवर 120 मिलिमीटर व्यासाच्या एका कडेला तो अडकला, तर 280 मिलिमीटर व्यासाची डिस्क कडेला सुमारे 0.12 मिलिमीटर डोलते. बऱ्याच गाड्यांत डोलण्याची मर्यादा 0.05 ते 0.1 च्या आसपास असते, म्हणजे एका कणाने नवी डिस्क खराब ठरली. डिस्क बसवल्यावर दोन-तीन नट वॉशर घालून समान आवळा आणि कडेपासून 10 मिलिमीटर आत डायल गेज लावून एक पूर्ण फेरी फिरवा. डोलत असेल तर डिस्क एका भोकाने पुढे फिरवून पुन्हा मोजा, बरेचदा तेवढ्याने फरक पडतो. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने काढा. रॉकेल-डिझेलने पुसू नका, ते पॅडमध्ये मुरतं.

चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर आवळा, एअरगनने नव्हे. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. टोपी मध्ये आलेली असल्याने हे तपासणं एकसंध हबपेक्षा इथे जास्त गरजेचं आहे.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत हवा तसा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली नियमबाह्य फेरबदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ते हब तुमच्या चासी क्रमांकावर चालतं की नाही हे अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्या, आरटीओत विचारा, भागांची पावती जपा. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं. कागद हाताशी असलेले बरे. कापलेल्या हबचा कागद कोणी देणार नाही.

जोडीचं हब मिळालंच नाही तर? तर एकसंध भाग नवा घ्या, आणि तो जास्त टिकवा. पुढची उत्तरं त्यासाठीच आहेत.

प्रश्न (अक्कलकोट) : डिस्क दर वर्षी बदलावी लागते. स्प्रिंगच्या पाट्यांवर पाटा चढवून दीडपट माल नेतो, हे मान्य. पण मित्राची तशीच गाडी तीन वर्षं एका डिस्कवर चालली. फरक कुठे असेल?

उत्तर : मालाचा फरक आहेच. गाडी थांबवायची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, आणि तिची बरीचशी उष्णता पुढच्या डिस्कमध्ये उतरते. पण एवढा फरक बहुतेक वेळा कॅलिपरच्या सरकत्या पिनमुळे असतो. पिन वाळलेल्या मातीने किंवा चुकीच्या ग्रीसने जखडली की ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला टेकून राहतो. रिकामी गाडी 10-15 किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबवा, आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या डिस्कजवळ हात न लावता नुसता तळवा न्या. एका बाजूची ऊब जास्त जाणवली तर तिथला कॅलिपर काढा. पिन बोटाने सरकली पाहिजे. रबरी बूट फाटलेला असेल तर पिन आणि बूट दोन्ही बदला, आणि रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगून पिन पुन्हा अडकते.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर दोष पिनचा किंवा पिस्टनचा. दोन्ही पॅड सारखे पण लवकर झिजले तर मालाचा किंवा चालवण्याचा. पॅड काढल्यावर ते शेजारी ठेवून बघा, निदान तिथेच होतं.

डिस्क फेकण्याआधी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. किमान जाडी डिस्कच्या कडेवर कोरलेली असते. नवी 26 आणि किमान 24 असेल तर दोन्ही बाजू मिळून फक्त 2 मिलिमीटर हातात आहेत. लेथवर घेतल्यानंतरही त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे, आणि दोन्ही तोंडं एकाच बांधणीत घेतली पाहिजेत. एक तोंड घेऊन डिस्क उलटी करून दुसरं घेतलं तर जाडी कमी-जास्त होते. एका फेरीत जाडीचा फरक 0.015 मिलिमीटरच्या पुढे गेला की पायाला धडधड जाणवायला लागते.

प्रश्न (तुळजापूर रस्ता, सोलापूर) : घाट उतरल्यावर ढाब्यावर चाकांवर पाणी मारण्याची पद्धत आहे. फायदा की तोटा?

उत्तर : तोटा, आणि मोठा. तापलेल्या डिस्कवर पाणी एका बाजूने पडतं, तो भाग आकसतो, बाकीचा तसाच राहतो. डिस्क वाकते, कधी पृष्ठभागावर केसासारखे तडे येतात. तडा कडेपर्यंत गेला की डिस्क टाकावीच लागते. पाणी गरम हबवर आणि सीलवर पडलं की आतली हवा आकसून पाणी आत ओढते, आणि दुधाळ ग्रीसची सुरुवात तिथून होते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर एकदम न थांबता दोन किलोमीटर हळू चालवा, म्हणजे वाऱ्याने डिस्क सारखी निवते. अगदी थांबावं लागलंच तर हँडब्रेक लावा किंवा ओट लावा आणि पाय ब्रेकवरून काढा. दाबलेला गरम पॅड डिस्कवर आपला ठसा सोडतो. त्यानंतर जी थरथर येते तिला लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात.

ब्रेक ऑइलही बघा. डॉट 3 चा उकळबिंदू नवं असताना किमान 205 अंश, ओलावा मुरल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155. घाटात पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ते जुनं ऑइल उकळून आत वाफ झाली आहे. दोन वर्षांनी ऑइल बदलून एअर काढा.

प्रश्न (बार्शी) : कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत हब ओतून मिळतं असं कळलं. स्वस्त पडतं. घ्यावं का?

उत्तर : कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाचं नाव मोठं आहे आणि तिथून मोठ्या कारखान्यांना भाग जातात. पण एखादं हब पाहून सुटं ओतून देणं आणि तपासलेला भाग देणं यात फरक आहे. धातूची प्रत, ताणबळाच्या चाचणीचा कागद आणि आतल्या पोकळ्यांची तपासणी, या तीन गोष्टी मिळत नसतील तर हब घेऊ नका. हातोडीने हलकं ठोकलं तर एसजी आयर्न घंटेसारखं वाजतं आणि ग्रे आयर्न बद्द वाजतं. ही फक्त प्राथमिक ओळख आहे, आतली पोकळी त्यातून कळत नाही.

प्रश्न (होटगी रस्ता, सोलापूर) : नवी डिस्क, नवे पॅड घातले. लगेच माल भरून हैदराबादला निघालो तर चालेल?

उत्तर : आधी अर्धा तास द्या. रिकाम्या गाडीने, मोकळ्या सरळ रस्त्यावर, 50 च्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम ब्रेक मारा. पूर्ण थांबू नका. अर्धा मिनिट चालवून पुन्हा मारा. असं दहा वेळा करा, मग दहा मिनिटं ब्रेक न मारता चालवून निवू द्या. पॅडचा पातळ सारखा थर डिस्कवर बसतो. परत आल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्याने बघा, डस्ट कॅपभोवती ग्रीस बाहेर आलं आहे का ते बघा, दोन्ही हब तळव्याने अंदाजा. हबला हात ठेवता येत नसेल इतकं ते गरम असेल तर नट जास्त आवळलेला आहे. तो पुन्हा जुळवा, मगच माल भरा.